मीटिंगमधे कोणीच बोलत नाही: पॅकिंग सेक्शनच्या तीन महिन्यांच्या नोंदी

मी पॅकिंग आणि डिस्पॅच बघते. दोन शिफ्ट, कायमचे १४ जण, शिवाय लोडिंगला कॉन्ट्रॅक्टरची पाच-सहा माणसं. शिफ्ट बदलताना १५ मिनिटं दोन्ही शिफ्टची एकत्र उभी मीटिंग असते आणि त्यात वर्षानुवर्षं मीच बोलत आलेय. लोकांनी स्वतःहून अडचणी सांगाव्यात, कामात सुधारणा सुचवाव्यात म्हणून फेब्रुवारीपासून जे जे करून बघितलं ते वहीत लिहून ठेवत होते, तेच इथे टाइप करतेय. चुका काढून टाकलेल्या नाहीत, कारण हे करायला घेतलेल्या कोणालातरी त्यांचाच जास्त उपयोग होईल असं वाटतं.

३ फेब्रुवारी

आज ६४ बॉक्सची लेबलं परत काढावी लागली. लेबल प्रिंटरच्या हेडवरचा (छापणाऱ्या भागावरचा) एक ठिपका जळला की लेबलवर बारीक पांढरी रेघ येते आणि ती रेघ नेमकी बारकोडच्या एखाद्या काडीवर बसली की स्कॅनर वाचत नाही. गोडाऊनने बॉक्स घेतले नाहीत, गाडी परत डॉकला लागली, तिघांचे साडेतीन तास गेले.

मशीन आहे, बिघडणारच. पण दुपारी कळलं की दोघांना ती रेघ शुक्रवारपासून दिसत होती. बाजूला घेऊन विचारलं, सांगितलं का नाही? एक जण गप्प राहिला, दुसरी म्हणाली, "मॅडम, मागे प्रिंटरच्या रिबनचं सांगितलं होतं ना, तुम्ही बघते म्हणालात." मला काहीच आठवेना. घरी जाऊन जुनी वही चाळली तर खरंच सापडलं, चार महिन्यांपूर्वीचं, माझ्याच अक्षरात, "रिबन सुरकुततेय, बघणे". पुढे काही नाही. झोप लागली नाही नीट.

८ फेब्रुवारी

हा आठवडा काहीच बदललं नाही, फक्त मोजलं. सहा मीटिंग. वहीत १४ नावं आणि जो बोलेल त्याच्यापुढे रेघ. "हो", "चालेल", "झालंय" हे बोलणं धरलं नाही.

सहा दिवसांत तीनच जणांपुढे रेघा, त्यातली एक व्यक्ती शिफ्ट लीड, म्हणजे बोलणं तिचं कामच आहे. मोबाइलवर टायमर लावून माझंही बोलणं मोजलं, १५ पैकी साधारण ११ मिनिटं. हे बघून धक्का बसला, कारण मला वाटायचं मी सारखं विचारत असते. विचारत होतेच, "कोणाला काही अडचण?" असं, आणि दोन सेकंदात पुढच्या मुद्द्यावर जात होते.

ज्यांना हे करायचंय त्यांनी हा मोजायचा आठवडा चुकवू नका. नंतर काही सुधारलं की नाही हे कळायला दुसरं साधन नसतं, आणि आठवणीवर गेलात तर तुम्हाला स्वतःचं बोलणं कमीच वाटणार.

१० फेब्रुवारी

सूचना पेटी लावली. कुलूपवाली, वर फट, शेजारी कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन. हजेरी मशीनच्या बाजूच्या भिंतीवर, सगळ्यांना दिसेल अशी. मीटिंगमधे सांगितलं की नाव लिहायची गरज नाही.

२२ फेब्रुवारी

पेटी उघडली. चार चिठ्ठ्या. एक कोरी, एक एका सहकाऱ्याबद्दलची तक्रार, एक "सगळं चांगलं आहे", आणि एक कामाची, की स्ट्रॅपिंग मशीनजवळ (बॉक्सला पट्टी आवळणारं मशीन) कटर टांगायला हूक नाही. दोन आठवडे पाण्यात.

का फसलं हे लीडशी आणि अजून दोघींशी बोलले तेव्हा जे कळलं ते आधी सुचायला हवं होतं. एक तर हजेरी मशीनवर कॅमेरा आहे, पेटी बरोबर त्याच्या खाली. दुसरं, १४ जणांत अक्षर कोणाचं हे सगळ्यांना कळतं, बिननावाची चिठ्ठी असं काही इथे नसतंच. तिसरं म्हणजे आमच्यातल्या तिघांना लिहायची सवय नाही, ते पेटीकडे बघणारही नाहीत. आणि चौथं जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, चिठ्ठी टाकली की ती आत गेली, पुढे तिचं काय झालं हे कोणालाच दिसत नाही. म्हणजे माझ्या वहीसारखंच.

पेटी काढून टाकली. हूक मात्र त्याच दिवशी मेंटेनन्सकडून लावून घेतला. दहा मिनिटांचं काम होतं.

२४ फेब्रुवारी

आज गोल उभं राहून एकेकाने एक मुद्दा सांगायचा असं ठरवलं. पहिली लीड बोलली, "टेप लवकर संपतेय." मग सात जणांनी टेपच सांगितली. बाकीचे म्हणाले, "माझं काही नाही."

२८ फेब्रुवारी

गोलाचे पाच दिवस झाले. पहिला जे बोलेल तेच फिरत राहतं. बुधवारी मुद्दाम नवीन मुलापासून सुरुवात केली तर त्याने लीडकडे बघितलं आणि मगच तोंड उघडलं.

याच्यावर खूप जुनं काम झालेलं आहे. १९५१ मधे सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोग केला होता, रेघांची लांबी ओळखायची, उत्तर डोळ्यांना सरळ दिसतंय, पण खोलीतले बाकीचे सगळे ठरवून चुकीचं सांगतायत. सुमारे तीन-चतुर्थांश लोक निदान एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराबरोबर गेले. मला त्यातल्या दोन गोष्टी कामाच्या वाटल्या: उत्तर मोठ्याने न सांगता लिहून द्यायला सांगितलं की लोक दबायचे ते खूप कमी झालं, आणि खोलीत एक जरी माणूस वेगळं बोलला तरी पुढच्याला धीर आला. डोळ्यांपुढच्या रेघेबद्दल अशी गत, मग पगार वाढवणाऱ्या मॅडमसमोर शिफ्ट लीडच्या विरुद्ध कोण बोलेल. सोमवारपासून पद्धत बदलणार.

३ मार्च

नवीन पद्धत. आधी दोन मिनिटं कोणीच बोलायचं नाही, मी पण नाही. मग दोघादोघांच्या जोड्या, तीन मिनिटं आपसात बोला, आणि मग प्रत्येक जोडीने आपला नाही तर *जोडीदाराचा* मुद्दा सांगायचा. लीड सगळ्यात शेवटी. लिहायचं असेल तर लिहा, नाहीतर नुसतं बोला.

दोन मिनिटांची शांतता भयंकर लांब वाटते. मला दोनदा बोलावंसं वाटलं, हात मागे घट्ट धरून उभी राहिले. पण जोड्या झाल्यावर जो आवाज सुरू झाला तो या मीटिंगमधे मी कधी ऐकलेला नव्हता. जोडीदाराचा मुद्दा सांगायचा असल्यामुळे लोक मोकळं बोलतात, कारण ते आपलं गाऱ्हाणं राहत नाही, दुसऱ्यासाठी बोलायला कोणी लाजत नाही.

एकूण २२ मुद्दे आले. वेळ १५ च्या जागी २६ मिनिटं, पहिली गाडी उशिरा सुटली, त्याबद्दल मला बोलणी बसली.

६ मार्च

२२ मुद्द्यांचं काय करायचं तेच कळेना. तीन दिवस कागद पर्समधे घेऊन फिरतेय. खरं सांगायचं तर वाचल्यावर थोडी निराशा झाली होती. पंखा, उजेड, हूक, पाण्याची बाटली ठेवायला जागा, उभं राहायच्या जागी मॅट. मला वाटलं होतं मोठ्या गोष्टी येतील, वेळ वाचेल, माल वाचेल.

मग कुठेतरी वाचलेलं आठवलं, की ईस्टमन कोडॅकने १८९८ मधे सूचना योजना काढली तेव्हा पहिलं बक्षीस, दोन डॉलरचं, खिडक्या धुवायला सुचवणाऱ्या कामगाराला मिळालं होतं, म्हणजे आत उजेड येईल. माझ्या यादीत दुसऱ्या नंबरला उजेडच आहे. माणूस पहिल्यांदा बोलतो तेव्हा स्वतःच्या अंगाला जे टोचतंय तेच सांगणार, आणि तिथे काय उत्तर मिळतं ते बघून पुढचं सांगायचं का ते ठरवणार. हे लक्षात आल्यावर यादीकडे नीट बघितलं.

फळा लावला. टाइम ऑफिसकडचा जुना पांढरा बोर्ड पडून होता तो आणला. चार रकाने: काय, कोण करणार, कधीपर्यंत, उत्तर. मुद्द्यांचे तीन ढीग केले, आपण स्वतः करू शकतो ते (९), माझ्या सहीने होईल ते (६), आणि मेंटेनन्स, स्टोअर किंवा वरच्यांकडे जाणारं (७). नियम एकच, दोन कामाच्या दिवसांत फळ्यावर उत्तर आलंच पाहिजे, मग ते "नाही" असलं तरी, फक्त कारणासकट.

८ मार्च

पहिल्याच फेरीत नियम मीच मोडला. तिसऱ्या ढिगातल्या सातही मुद्द्यांपुढे "विचाराधीन" लिहिलं. लोडिंगवाला एक जण फळ्यासमोर उभा होता, त्याने विचारलं, "विचाराधीन म्हणजे नाहीच ना?" त्याच्या विचारण्यात काही टोमणा नव्हता, त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

पुसून परत लिहिलं. "मॅट: स्टोअरला इंडेंट (मागणीचा कागद) ७ तारखेला दिला, उत्तर १४ पर्यंत विचारणार." "बाटली टेबलावर: नाही, सांडलं तर लेबलचा रोल खराब होतो. खांबाला रॅक लावतोय." लिहायला दुप्पट वेळ लागतो कारण आधी खरंच कोणालातरी फोन करावा लागतो. सात मुद्द्यांना दोन तास लागले. पण "विचाराधीन" हा शब्द आमच्या फळ्यावर आता चालत नाही, लोकच टोकतात.

१२ मार्च

मोठी चूक, जरा सविस्तर लिहिते.

मुद्दा आला होता की टेपिंगचं टेबल खाली आहे, कंबर दुखते. मला इतका आनंद झाला की हे तर लगेच होईल, म्हणून संध्याकाळी थांबून मेंटेनन्सच्या दोघांना घेऊन चारही टेबलं उचलून खाली ठोकळे लावले, टेप डिस्पेन्सर उजव्या हाताला घट्ट बसवले, रोलर पण थोडा सरकवला. पाच तास. सकाळी सगळे खूश होतील अशी कल्पना करत घरी गेले.

सकाळी पहिल्या टेबलावरच्या ताईंनी डिस्पेन्सरचे स्क्रू काढून तो परत डाव्या बाजूला घेतला, त्या डावखुऱ्या आहेत, हे मला सहा वर्षांत माहीत नव्हतं. दुसऱ्या टेबलावर उंची जास्त झाली, मोठा बॉक्स आला की खांदे वर जातात. तिसऱ्या टेबलवाला काही बोलला नाही, ठोकळे काढून बाजूला ठेवले त्याने. दुपारपर्यंत चारपैकी तीन टेबलं जुन्या जागी.

मुद्दा त्यांचा होता आणि उपाय मी एकटीने करून टाकला. यावर एक जुना अभ्यास आहे, १९४८ चा, कॉख आणि फ्रेंच या दोघांचा, पायजमे शिवायच्या कारखान्यातला. कामाची पद्धत बदलायची होती. एका गटाला बदल नुसता समजावून सांगितला, बाकीच्यांना कमी-जास्त प्रमाणात ठरवण्यात घेतलं. नुसतं सांगितलेल्या गटाचं काम सुधारेना, तक्रारी सुरू झाल्या आणि पहिल्या ४० दिवसांत १७ टक्के लोक सोडून गेले. ठरवण्यात घेतलेले गट लवकर सावरले, तिथे कोणी सोडलं नाही. मी तर टेबलांच्या बाबतीत समजावूनसुद्धा सांगितलं नव्हतं.

(हे नंतर जोडलंय.) १४ तारखेला परत केलं. या वेळी प्रत्येकाने आपल्या टेबलासमोर उभं राहून सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान बॉक्स ठेवून बघायचा, खडूने पायावर खूण करायची, मेंटेनन्सने तिथे भोकं पाडायची. दीड तास लागला, त्यातही मी निम्मा वेळ नव्हते. ते अजून तसंच आहे.

१८ मार्च

आज एका मुलाने मीटिंगमधे जोडीदाराचा म्हणून मुद्दा सांगितला की गाडी भरायचा जो क्रम लावून दिलाय त्यात जड माल दोनदा उचलावा लागतो. तो क्रम मी लावलेला. दोन वर्षांपूर्वी, बराच विचार करून. माझ्या तोंडून निघालं, "त्याची कारणं आहेत, ते आपण नंतर बघू." आवाज चढला नव्हता. पण त्यानंतर कोणी काही बोललं नाही आणि मीटिंग नऊ मिनिटांत संपली.

२१ मार्च

तीन दिवस मुद्दे शून्य. जोड्या होतात, कुजबुज होते, मग "काही नाही मॅडम". दीड महिन्यात जे जमवलं होतं ते एका वाक्यात गेलं असं वाटत होतं.

काल लोडिंगला जाऊन स्वतः उभी राहिले, दोन गाड्या पूर्ण बघितल्या. मुलगा बरोबर होता. क्रम लावला तेव्हा लहान गाडी यायची, आता मोठी येते, मागचं दार वेगळं आहे, त्यामुळे जड पॅलेट आधी खाली उतरवून मग परत आत न्यावं लागतं. आज मीटिंगमधे, त्याच सगळ्यांसमोर, सांगितलं की मंगळवारी मी मुद्दा दाबला, ते चुकलं, क्रम माझा होता म्हणून मला लागलं. नवीन क्रम लोडिंगवाल्यांनी आणि त्या मुलाने मिळून लावावा, सोमवारपासून चालू. त्याला एकट्याला केबिनमधे बोलावून सॉरी म्हणायचा विचार आधी केला होता पण दाबलं सगळ्यांसमोर होतं, तर दुरुस्तीही तिथेच व्हायला हवी.

आज दोन मुद्दे आले. लहान होते, पण आले.

२७ मार्च

वरच्या साहेबांनी बोलावलं. रिपोर्टमधे माझ्या सेक्शनच्या चुका वाढलेल्या दिसतायत: फेब्रुवारीत २, मार्चमधे १३. "हे तुमचं लोकांना बोलतं करणं चाललंय त्यात कामावरचं लक्ष उडालंय का?" प्रश्न रास्त होता, समोर आकडा तसाच होता.

मी दोन कागद नेले होते. एक, त्या १३ पैकी ११ चुका आमच्याच लोकांनी पकडून आमच्याच लोकांनी लिहिलेल्या, बॉक्स गेटबाहेर जायच्या आत. दुसरा, बाहेरून आलेल्या तक्रारी, त्या वाढलेल्या नव्हत्या. पूर्वी या ११ चुका होत नव्हत्या असं नाही, त्या गुपचूप निस्तरल्या जायच्या किंवा निघून जायच्या. एमी एडमंडसन या संशोधक बाईंनी हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला तेव्हा त्यांना हेच उलटं चित्र दिसलं होतं, चांगल्या टीमच्या नावावर औषधांच्या चुका जास्त लागत होत्या, कारण तिथे चूक झाली तर सांगता येत होतं. साहेबांना हेही सांगितलं. त्यांनी दोन महिने दिले आणि रिपोर्टमधे "आत पकडलेल्या" आणि "बाहेर गेलेल्या" असे दोन वेगळे रकाने करायला मान्यता दिली.

हे रकाने पहिल्या दिवशीच मागून घ्यायला हवे होते. तुम्ही सुरू करणार असाल तर वरच्यांना आधीच सांगून ठेवा की पहिले दोन महिने आकडा वाईट दिसेल.

२ एप्रिल

बक्षीस ठेवलं होतं: महिन्याची उत्तम सूचना, एक दिवस अर्धी सुट्टी आणि सर्टिफिकेट. मार्चसाठी लोडिंगच्या क्रमाला दिलं, त्या मुलाला. दुपारपर्यंत लोडिंगवाले नाराज, कारण मुद्दा मुळात जोडीदाराचा होता आणि क्रम लावला चौघांनी. मुलगा स्वतःच येऊन म्हणाला, मॅडम मला नको.

आणि दुसरं हळूच कळलं, दोघी जणी आपले मुद्दे महिन्याच्या शेवटासाठी राखून ठेवत होत्या. बक्षीस त्याच आठवड्यात बंद केलं. त्याऐवजी फळ्यावर "कोणी सांगितलं, कोणी केलं" असा रकाना वाढवला, नाव लिहायचं का ते विचारून. एका ताईंना नाव नको आहे, त्यांच्या जागी रेघ असते.

१० एप्रिल

रेघांची वही परत काढली. बोलणारे आता तीनचे नऊ झालेत, पण उरलेले पाच कोण हे बघितलं तर चार जण दुसऱ्या शिफ्टचे. त्यांच्यासाठी ही मीटिंग दिवसाच्या सुरुवातीला असते, काम अजून हातात आलेलं नसतं, त्यांना आज काय अडलं हे माहीतच नसतं. पहिल्या शिफ्टवाल्यांना आठ तासांचं ताजं आठवतं. मी दोन्ही शिफ्टना एकच प्रश्न विचारत होते.

चार दिवस संध्याकाळी थांबले, रात्री साडेनऊपर्यंत. घरी त्रास झाला, ते लिहीत नाही. दुसऱ्या शिफ्टची दहा मिनिटांची वेगळी मीटिंग त्यांच्या मधल्या सुट्टीनंतर ठेवली, ती त्यांची लीड घेते, मी आठवड्यातून एकदाच. फळा तोच.

कॉन्ट्रॅक्टरच्या लोडिंगवाल्यांचंही असंच. ते मीटिंगला नसायचेच, "आपले" नाहीत म्हणून. डॅमेज कुठे होतो हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही, कोपरा कुठला दबतो, कुठला बॉक्स खाली ठेवला की बसतो. त्यांच्या सुपरवायझरशी बोलून पाच मिनिटं मागून घेतली. तो नाराज होता, माणसं तुमचं ऐकायला लागतील म्हणाला. आता तोही उभा राहतो मीटिंगला, त्याचेही मुद्दे फळ्यावर असतात. कॉन्ट्रॅक्टची माणसं मुद्दा मांडतात तेव्हा त्यांना नोकरीची भीती आमच्यापेक्षा जास्त असते, त्यामुळे त्यांच्या मुद्द्यापुढे नाव कधीच लिहायचं नाही असं ठरवलं.

१७ एप्रिल

स्ट्रॅपिंगवरचे काका. सेक्शनमधे सगळ्यात जुने. सव्वादोन महिन्यांत एक रेघ नाही. मागच्या आठवड्यात मीटिंगमधे त्यांच्याकडे वळून मी म्हणाले, काका, आज तुम्ही बोलाच. सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. ते "काही नाही" म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या वेळी मशीन साफ करत थांबले, आलेच नाहीत. माझी चूक, त्यांना कोपऱ्यात पकडल्यासारखं झालं.

या आठवड्यात नवीन मुलाला स्ट्रॅपिंग शिकवायचं होतं. मी काकांना विचारलं, तुम्ही शिकवाल का, मी बाजूला बसून लिहून घेते. आधी काय करायचं, त्यात जपायचं काय, आणि का, असे तीन रकाने. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत नवशिक्यांना पटकन तयार करायला पायरी आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट अशा पद्धतीने शिकवायचे, तेच वापरलं, कारणाचा रकाना जोडून.

दोन तास काका बोलत होते. मशीनच्या बाजूला पेन्सिलच्या चार बारीक खुणा दिसल्या, विचारलं तर म्हणाले, ह्या टेन्शनच्या, कुठल्या पुठ्ठ्याला किती. पातळ पुठ्ठ्याला जास्त ताण दिला की कडेला पट्टी रुतते, माल आत दबतो. म्हणजे आम्ही दर महिन्याला ज्या डॅमेजवर चर्चा करतो त्याचं निम्मं उत्तर तिथे पेन्सिलने लिहिलेलं होतं, आणि दुसऱ्या शिफ्टला त्या खुणा कशाच्या हेच माहीत नव्हतं. "तुम्ही कधी विचारलं नाही," एवढंच म्हणाले ते.

खुणांवर रंगाची पट्टी लावली, तक्ता मशीनला अडकवला, खाली काकांच्या परवानगीने त्यांचं नाव. मीटिंगमधे ते अजूनही बोलत नाहीत. मी त्यांच्यापुढच्या रेघा मोजणं बंद केलंय.

२५ एप्रिल

मीटिंग घ्यायची पाळी लावली, रोज वेगळा माणूस. मी गोलाच्या बाहेर, फळ्याच्या मागच्या बाजूला. पहिले दोन दिवस गोंधळ, एकीने सगळा वेळ हजेरीतच घालवला, एकाने एकट्याच्याच मुद्द्यावर दहा मिनिटं काढली. मी मधे पडले नाही (एकदा पडले, गाडीचा नंबर चुकीचा सांगितला तेव्हा). ज्याला पाळी नको त्याला सक्ती नाही, तिघांनी नको म्हटलंय.

माझं बोलणं आजच्या मीटिंगमधे तीन मिनिटं. वेळ १६ मिनिटं, गाडी वेळेत.

६ मे

सकाळी ११ वाजता दुसऱ्या टेबलावरून लाल पाटी वर झाली. ही पाटी एप्रिलच्या शेवटी सुरू केली, टोयोटाच्या असेंब्ली लाइनवर डोक्यावर दोरी असते ती ओढली की आधी टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत सुटलं नाही तरच लाइन थांबते, त्यावरून घेतलेली. आमच्याकडे पाटी वर केली की दोन मिनिटांत लीडने पोचायचं, तोवर त्या टेबलाचा माल पुढे सरकवायचा नाही.

लेबलवर पांढरी रेघ. सातव्या बॉक्सलाच तिने हात वर केला होता. फेब्रुवारीत शुक्रवारी रेघ दिसली तेव्हा गप्प राहिलेली दोघं होती, त्यातलीच ही एक. लाइन थांबली, मेंटेनन्स आले, हेड काढून बघितलं तर ठिपका जळलेला नव्हता, लेबलचा गोंद चिकटला होता, स्पिरिटने पुसल्यावर गेला. २५ मिनिटं गेली. ती जरा पडलेल्या चेहऱ्याने म्हणाली, उगाच थांबवलं का मी. मी म्हणाले, नाही, असंच थांबवायचं, परत दिसलं तर परत थांबव.

फळ्यावर आत्ता एकूण ५८ मुद्दे झालेत. ३७ पूर्ण, १२ ना कारणासकट "नाही", ९ चालू. उजेडाचं अजून अडकलंय, मेंटेनन्सने तिसरी तारीख दिलीय, त्या तिन्ही तारखा फळ्यावर एकाखाली एक आहेत. बाहेर गेलेल्या चुका एप्रिलमधे १.

आणि नवीन मुद्दा आजचाच, तिनेच मांडला: रोल बदलताना दर वेळी हेड पुसायचं. कोणी पुसायचं, रोल संपवणाऱ्याने का नवीन लावणाऱ्याने, यावर दोन्ही शिफ्टचं जमेना. उद्या मीटिंग स्ट्रॅपिंगच्या नवीन मुलाची आहे, तो घेईल.